टाचेखालचे कुलूप

गुलमंडीत राहणाऱ्या माणसाने डिफरन्शिअलच्या कुलपावर महिनाभर विचार करावा, याचे मित्रांना हसू आले. त्यांचे चूक नव्हते. सुपारी हनुमानाच्या आसपासच्या गल्ल्यांतून चारचाकी वळवताना हवे असते ते नेमके उलटे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. डिफरन्शिअलमुळे दोन्ही चाके आपापल्या वेगाने फिरू शकतात, म्हणून तर गाडी वळते.

पण आमची शेती पैठणच्या बाजूला, काळ्या मातीत आहे. काही वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका रात्री आईला दम लागला आणि तिला शहरात आणताना जुनी जीप पाणंदीत रुतली. मागचे डावे चाक चिखलात भिरभिरत होते. उजवे टणक जमिनीवर असूनही निश्चल. अर्ध्या तासाने शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर आला. आई वाचली. तो अर्धा तास मात्र माझ्या मनातून गेला नाही.

कारण पुढे समजले. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. घसरणाऱ्या चाकाला फिरायला नाममात्र जोर पुरतो, म्हणून पकड असलेल्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच येतो. समता खरी, पण दुबळ्याच्या मापाची. कुलूप लावले की दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवल्यासारखी बरोबर फिरतात आणि जिथे पकड आहे तिथे जोर पोहोचतो.

गाडी बदलायची ठरली तेव्हा तीन वाटा दिसल्या. २०२३ साली आलेली जिम्नी घसरत्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे वळवते. २०२०च्या थारच्या काही प्रकारांत मागचे यांत्रिक कुलूप आपोआप लागते. मात्र त्यासाठी दोन चाकांच्या फेऱ्यांत आधी पुरेसा फरक पडावा लागतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढचे आणि मागचे, दोन्ही कुलपे चालकाच्या हाती असतात. खडकाळ वाटेवर आपोआप लागणारे कुलूप पुरेसे ठरेलही. काळ्या मातीत मात्र चाक चार फेऱ्या फुकट फिरले की स्वतःचा खड्डा स्वतःच खणते.

हे सारे बाबांना समजावू लागलो तेव्हा ते म्हणाले, "ट्रॅक्टरला टाचेखाली पेडल असतंच की. रुतल्यावर नाही, चिखलात शिरायच्या आधी दाबायचं. आणि वळताना सोडायचं." मी पुस्तकी वाटेने जिथवर आलो होतो, तिथे त्यांची टाच कितीतरी वर्षांपूर्वीच पोहोचलेली होती.

गुरखा घेतली. पुढचे कुलूप क्वचितच लावतो, कारण मग स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. कुलूप म्हणजे जादूही नव्हे. दोन्ही टायरांच्या खाचा चिखलाने भरल्या की दोन्ही चाके एकदिलाने घसरतात, आणि मग पुन्हा ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

तरी पावसाळ्यात पाणंदीच्या तोंडाशी मी थांबतो. शेजारी बसलेली आई विचारते, "लावलंस का?" मी मान डोलावतो. डांबरी सडक लागली की कुलूप सोडतो. गुलमंडीच्या वळणावर पोहोचेपर्यंत चाके पुन्हा आपापल्या चालीने चालू लागलेली असतात.