जिनिव्हाचा अर्ज आणि वन्संच्या पाटल्या

मैत्रिणींनो, लग्नाला सोळा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी किती अर्ज भरले असतील याची गणतीच नाही. रेशनकार्डात नाव घालायचा, गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरचा, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळचा, सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून घ्यायचा! घरात बी.ए. झालेली सून असली की पेन आपोआप तिच्याच हातात येतं. शिवाय दुपारी इथल्या शाळेत तीन तास इंग्रजी शिकवते, त्यामुळे शेजारपाजारचे अर्जही माझ्याकडेच. म्हणून दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमची भाची म्हणाली, "मामी, एक अर्ज जरा बघून देशील?" तेव्हा मी भाजी निवडता निवडता "आण की" म्हटलं. बघते तर अर्ज थेट जिनिव्हाचा!

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या वन्संची मुलगी. पुण्यात सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती आणि आमच्याकडे पौडला राहत होती. संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्याशी जोडलेल्या संस्था विद्यार्थ्यांना काही महिने आपल्या कार्यालयात काम शिकायला बोलावतात. त्याला इंटर्नशिप म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत उमेदवारीच. संघाच्या सचिवालयात ती दोन ते सहा महिन्यांची असते. पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या किंवा पदवी मिळून एक वर्ष उलटलं नाही अशा मुलामुलींना अर्ज करता येतो.

सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. यांनी मात्र एकच विचारलं, "उमेदवारीला पगार किती?" मला असा राग आला! म्हटलं, "पोरगी जगाच्या पाठीवर निघालीय आणि तुम्हाला पैसा सुचतोय!" हा प्रश्न लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

अर्जाबरोबर एक पत्र द्यायचं असतं, आपल्याला हे काम का करायचंय ते सांगणारं. भाचीचं पत्र वाचलं. इंग्रजी झकास होतं, शब्द मोठमोठे होते, पण सातवीच्या वह्या तपासून माझी नजर तयार झालेली आहे. 'माझी आई' या निबंधात वर्गातल्या चाळीस आया एकसारख्या निघाल्या की समजावं, गाईड एकच आहे! मी विचारलं, "हे कुणाचं बघून लिहिलंस?" पोरगी लाजली. मैत्रिणीच्या ओळखीत कुणाची तरी निवड झाली होती, त्याचं पत्र समोर ठेवून लिहिलेलं.

"बरं, ते राहू दे. गेल्या पावसाळ्यात तू ताम्हिणीकडच्या वाड्यांवर कशाला जात होतीस ते सांग."

मग ती सांगत सुटली. आशाताईंबरोबर छत्री सावरत ती वस्त्यांवर हिंडली होती. दिवस भरलेल्या बाईला तिथून दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो, ओढ्याला पाणी असलं तर कुठून वळसा घालावा लागतो, सगळं तिनं वहीत टिपून ठेवलं होतं.

"अगं, मग हेच लिही की!"

"मामी, जिनिव्हाच्या लोकांना आपल्या आशाताई काय ठाऊक?"

ठाऊक आहेत! २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांवर आशाताईंचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. मी तिला आनंदीबाई जोशींचीही आठवण दिली. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपण काही अटींत पुरत्या बसत नाही हे त्यांनी त्यात सरळ कबूल केलं. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी शिकायचंय, हेही तितकंच सरळ लिहिलं. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. भाचीनं ऐकून घेतलं, जुनं पत्र फाडलं आणि नवं लिहायला बसली.

अर्जाची मुदत न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीपर्यंत होती. म्हणजे जुलै महिन्यात आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, ऐन डब्यांची वेळ! त्यात मुळशीचा पाऊस. आदल्या रात्री वीज गेली ती आलीच नाही. शेवटी पहाटेची बस धरून ती पुण्याला मैत्रिणीकडे गेली आणि नऊ वाजता फोन आला, "मामी, गेला!" आमच्यासारखं करू नका. अर्ज चार दिवस आधीच पाठवून मोकळ्या व्हा.

पुढच्याच आठवड्यात वन्संना एका अनोळखी गृहस्थांचा फोन. "मुलीची निवड पक्की करून देतो, फक्त वीस हजार शुल्क भरा." वन्सं भरायला निघाल्याच होत्या! संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही. असा फोन आला तर खुशाल ठेवून द्या.

ऑक्टोबरात संगणकावरूनच मुलाखत झाली आणि तिथल्या एका कार्यालयाचं निवडपत्र आलं. वन्सं पेढे घेऊन आल्या. पेढे वाटून झाल्यावर आम्ही पत्र नीट वाचलं. काम बिनपगारी. विमानाचं भाडं, व्हिसा, खोली, जेवण, विमा, सगळं ज्याचं त्यानं करायचं. खोटं कशाला बोलू, ही ओळ जाहिरातीत पहिल्यापासून होती. आम्हीच तिच्यावरून नजर पुढे सरकवली होती.

वाणसामानाच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूला मी हिशेब मांडला. एका स्विस फ्रँकचे शंभर रुपये धरले, तेही कमीच. तीन महिन्यांचा आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. २०१५ साली न्यूझीलंडहून आलेला बावीस वर्षांचा एक मुलगा अशाच बिनपगारी इंटर्नशिपमध्ये जिनिव्हात तंबू ठोकून राहत होता. जगभर त्याची बातमी झाली. भाचीनंच ती मला दाखवली. बाई गं, मुलीच्या जातीला तंबू ठोकून कसं राहता येणार!

वन्सं काही बोलल्या नाहीत. रुमालाची गाठ सोडली आणि हिशेबाच्या कागदावर दोन पाटल्या ठेवल्या. म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. तू म्हणशील तर मोडते."

आणि खरं सांगू? माझ्या तोंडावर 'मोडा' हाच शब्द आला होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीही एम.ए.ला प्रवेश घेतला होता. फी भरली आणि महिन्याभरात हे स्थळ आलं. ती पावती अजून माझ्या ट्रंकेत आहे. मी एवढंच म्हटलं, "रात्रभर विचार करू या."

रात्री मागची आवराआवर करताना भाची म्हणाली, "मामी, एक विचारू? रागावू नकोस. मी जावं असं तुला वाटतंय, की तुझं जायचं राहून गेलं म्हणून?"

मी शेगडी पुसत राहिले. काय सांगणार? दोन्ही खरं होतं.

तीच पुढे म्हणाली, "मला जायचंय गं. पण आईच्या पाटल्यांवर गेले तर तिथे प्रत्येक घास मोजत बसेन."

दुसऱ्या दिवशी तिनं आभार मानून नकार कळवला. चार ओळींचं पत्र, पण लिहायला तासभर लागला. त्या रात्री आम्ही दोघीही रडलो. पोरगी लायकीत कमी पडली असती तर समजूत घालता आली असती. ती कुठेच कमी पडली नव्हती, तेच जास्त लागलं.

पण मैत्रिणींनो, सगळीकडे असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं २०१८ साली ठरवलं, की २०२२ पर्यंत इंटर्नपैकी निम्मे तरी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले हवेत. २०२० पासून तिथे विद्यावेतन सुरू झालं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही विद्यावेतन देत आली आहे. सगळ्याच संस्था जिनिव्हात नाहीत. दिल्ली, बँकॉक, नैरोबी इथेही कार्यालयं आहेत आणि तिथे राहण्याचा खर्च पुष्कळ कमी येतो.

या वेळी आम्ही आधी पैशाची ओळ वाचली, मग बाकीची जाहिरात. तिनं आणखी तीन अर्ज केले, पत्र तेच, ताम्हिणीच्या वाड्यांचं. दोन ठिकाणांहून काहीच कळलं नाही. अर्ज इतके असतात की निवडीच्या यादीत आलेल्यांनाच बहुतेक उत्तर जातं, तेव्हा त्यात मन गुंतवू नये. तिसऱ्या ठिकाणाहून बोलावणं आलं. बँकॉक, चार महिने, विद्यावेतनासह. खोली आणि जेवण त्यात बसत होतं. राहिलं विमानाचं तिकीट. ते मामानं काढलं. होय, पगार विचारणाऱ्यानंच!

जाताना सासूबाईंनी पिशवीत आंबेमोहोर तांदूळ घातला आणि तिकडे भात मिळतो हे सांगूनही ऐकलं नाही.

आता ती परत आलीय. परवा हळदीकुंकवाला वन्संच्या हातात त्या पाटल्या दिसल्या आणि मला बरं वाटलं. तुमच्या घरची लेक, भाची, पुतणी असा अर्ज घेऊन आली तर तिला जरूर बळ द्या. पत्र तिचं तिला लिहू द्या. पैशाची ओळ दोनदा वाचा. आणि पाटल्यांच्या डबीला हात लावण्याआधी, आमच्या भाचीनं मला विचारलं ते एकदा स्वतःला विचारून बघा.

माझ्या ट्रंकेतली पावती मी मध्यंतरी बाहेर काढली. घरबसल्या एम.ए. करता येतं म्हणतात. अर्ज आणून ठेवलाय. अजून भरलेला नाही.