काळ्या मातीवरचा काटकोन

येलदरीकडच्या घरांना तडा गेला, तर बहुतेकदा तो कोपऱ्यातून निघतो. जिंतूर तालुक्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असला की घरही तिच्यासोबत हलतं आणि दोन भिंती जिथे भेटतात, तिथे ही ओढाताण आधी दिसते. पूर्णा नदीवरचं १९६८ साली पूर्ण झालेलं येलदरी धरणही मातीचंच. पण भरावाची माती थराथरानं, ओल बघून दाबतात. घराखालच्या मातीची एवढी बडदास्त कोण ठेवणार?

माळवदाच्या जुन्या घरांत कोपऱ्याचा असा घोर नव्हता. पांढऱ्या मातीत भुसा आणि शेण कालवून बायका हातानं लिंपायच्या. तळहात फिरला की कोपरा आपसूक गोलसर व्हायचा. भेग पडलीच तर सणाआधी पुन्हा एक हात. मराठवाड्याला ही कारागिरी फार जुनी: अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यातही भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू सापडतात. काटकोनाचा हट्ट सिमेंटनं आणला.

आता सरकारी घरकुल आलं. किमान २५ चौरस मीटरचं घर, आणि भिंती उभ्या राहीपर्यंत अनुदानाचे हप्ते संपत आलेले. मग घरधनीच थापी हातात घेतो. एकाला चार सिमेंट-वाळूचा माल, अर्धा इंच जाड. सपाट भिंत दुपारपर्यंत बऱ्यापैकी जमते. घोडं अडतं ते कोपऱ्यात. डावी भिंत घोटायला जावं तर थापीची कड उजवीच्या ओल्या गिलाव्यात रुतते. तो ओरखडा बुजवला, तर डावीवर नवा. वर चिडून पाणी शिंपडलं की माल पातळ होऊन सगळाच ओघळतो.

मुरलेला गवंडी या भानगडीत पडत नाही. दोन्ही भिंती तो एका दिवशी घेतच नाही! आज एक भिंत थेट कोपऱ्यापर्यंत न्यायची, शेजारच्या विटांवर चढलेला माल थापीच्या टोकानं कापून काढायचा. दुसऱ्या दिवशी ती भिंत आवळलेली असते. मग शेजारचा गिलावा चढवायचा, पट्टीनं ओढून रंधा मारायचा, आणि थापीची कड आवळलेल्या भिंतीला टेकवून वरून खाली एका दमात ओढायची. मध्ये थांबलात तर तिथे वळ उठतो. शेवटी गुण्या लावून काटकोन तपासायचा. तो हाताशी नसेल तर कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजायचे. तिरपं अंतर ५ फूट भरलं की काटकोन पक्का. हे गणित शुल्बसूत्रांपासून चालत आलंय.

काँक्रीटचा खांब आणि वीट यांचा जोड कोपऱ्यात असेल तर आधी तारेची जाळी ठोकावी. तिथे काटकसर करणं हा शुद्ध करंटेपणा. मात्र पाया हलत असेल तर जाळीही फार काळ तग धरत नाही, हेही खरं.

वैशाखात काम काढलं असेल तर किमान ७ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. आणि पाइपाच्या फवाऱ्यावर विसंबू नका. कोपऱ्यात पाणी तांब्यानंच सोडा.