अकरा ते चार

माझे आजोबा राहुरी तालुक्यातील सहा खेड्यांचे पाळक होते, आणि त्यांच्या मागे आमच्या घरात जी थोडीफार इस्टेट उरली तीत जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही आहे. वहीत प्रत्येक वाडीला एक पान. पानावर प्रथम विहीर, मग विहिरीपासून कितवे घर, मग घरातील माणसे, त्यांचे बाप्तिस्मे, लग्ने, मृत्यू, आणि क्वचित एखाद्या नावापुढे ‘बोलत नाही’ असा बारीक अक्षरातला शेरा. वेळेचा रकाना त्या वहीत कोठेही नाही, कारण दिवेलागणीनंतर माणूस घरी असतोच हे आजोबांना सूर्य मावळण्याइतके निश्चित ठाऊक होते. गेली सत्तावीस वर्षे मी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या पट्ट्यातील लहानमोठ्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांसाठी पुढारी तयार करण्याचे काम करीत आलो आहे (‘पुढारी’ म्हटले की चौकातील फलकावरचा हात जोडलेला चेहरा डोळ्यांपुढे येतो, म्हणून वर्गात आम्ही आपला जुना ‘सेवक’ हाच शब्द वापरतो), आणि ती वही अधूनमधून उघडून पाहताना मला वाटते की, आजोबांना त्यांचा मुलूख पायाखालून माहीत करून घ्यावा लागला, तसा मला आणि माझ्या विद्यार्थ्यांना तो घड्याळातून माहीत करून घ्यावा लागतो.

या मुलखाची आणि आमची गाठ तशी जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, या शहराच्या रस्त्यांवर उभे राहून बोलले, आणि १८३१ साली त्यांचे काम नगरला पोचले. पुढे मंडळी वाढली ती नगरच्या बाजूला, आणि मग दुष्काळ, शिक्षण व नोकरी यांच्या मागे लागून त्याच मंडळ्यांची नातवंडे-पणतवंडे मुंबईला आली. येताना त्यांनी उपासनेचा सगळा सरंजाम बरोबर आणला: रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग, पेटी-तबला, कीर्तन, ‘सलाम’ म्हणून हात जोडण्याची रीत, आणि पाळक घरी येईल, चहा घेईल, प्रार्थना करील ही अपेक्षा. अपेक्षा जशीच्या तशी उरली. फक्त चहा घेण्यासाठी घरातील नवराबायको एकाच वेळी घरी सापडणे अशक्यप्राय झाले.

माझे स्वतःचे शिक्षण रीतसर झाले. वसतिगृहात राहून मी हिब्रू गिरवली, मंडळीचा इतिहास पाठ केला, उपदेशाचे तीन मुद्दे आणि समारोप बांधायला शिकलो, आणि त्यातले काहीही वाया गेले असे मी म्हणणार नाही. परंतु शहराविषयी त्या चार वर्षांत जे कानावर पडले ते बहुतांशी निनवेविषयी होते. आमच्या पुष्कळ उपदेशकांना शहर म्हणजे निनवेच वाटते: पापी, अवाढव्य आणि लवकरच उलथून पडणारे. योना त्या शहरात एका दिवसाची वाट चालून गेला आणि नंतर बाहेर सावलीत जाऊन बसला, हे सारे सांगतात. त्या पुस्तकाचा शेवट मात्र देवाने त्याला विचारलेल्या प्रश्नाने होतो, आणि प्रश्न त्या शहरातील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांविषयी आणि पुष्कळ गुरांविषयी आहे, तिथवर उपदेश सहसा पोचत नाही. देवाने शिरगणती केली होती. आमच्यापैकी कितीजण करतात?

शिक्षक म्हणून माझी पहिली तुकडी मी तीन महिन्यांत गमावली. दहा जण होते: महापालिकेच्या इस्पितळातील दोन परिचारिका, एक रिक्षाचालक, एक बँकेतील शिपाई, बाकीचे लहान कारकून. सर्वांना सुटी ती रविवारी, म्हणून सकाळची उपासना आटोपल्यावर दुपारी एकचा वर्ग मी ठरविला आणि तो ठरवून मोकळा झालो. पहिल्या रविवारी सात आले, दुसऱ्या रविवारी चार, आणि तिसऱ्या रविवारी, मी फळ्यावर तारीख घालून तासभर बसल्यावर, मुलुंडची एक बाई घामाघूम होऊन आली आणि म्हणाली, “पाळकसाहेब, मेगाब्लॉक आहे हो. आज माटुंगा ते मुलुंड.” त्या दिवसापर्यंत मला हे उमगले नव्हते, की आमच्या उपासनेचा जो वार तोच रेल्वेच्या दुरुस्तीचा वार आहे, आणि रुळांवर माणसे घण घेऊन उतरतात ती साधारण अकरा ते चार याच वेळात. तुकडी फुटली ती फुटलीच. दोष विद्यार्थ्यांच्या निष्ठेवर टाकून मी वरिष्ठांना अहवाल लिहिला, ही गोष्ट आठवली की अजून ओशाळल्यासारखे होते.

पुढे एकदा प्रेषितांची कृत्ये शिकवीत असताना इफिस शहराचे प्रकरण निघाले. पौलाने तेथे तुरन्न नावाच्या कोणाच्या शाळेत दोन वर्षे रोज शिकविले, एवढे सर्व प्रतींत आहे. परंतु काही प्राचीन हस्तलिखितांत एक जास्तीचा तपशील येतो, की तो पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत शिकवीत असे. सूर्योदयापासून मोजले तर हे आपले अकरा ते चार! भर उन्हाची, जेवणाची आणि वामकुक्षीची वेळ. शाळा तेव्हा मोकळी पडत असणार, आणि तंबू शिवण्याचे आपले काम पौल सकाळी आटोपून येत असणार. हा तपशील मूळचा की मागाहून कोणी नकलनविसाने समासात भरलेला, यावर पंडितांनी वाद घालावा. मला त्या नकलनविसाचा फार आदर वाटतो. पौल काय बोलला हे लिहिणारे पुष्कळ होते. ती जागा त्याला कोणत्या वेळात मिळाली, हे टिपून ठेवण्याजोगे आहे असे एकालाच वाटले.

त्यानंतर मी वर्गाची घडी मोडून नव्याने घातली. हा माझा शोध मुळीच नव्हे. ग्वातेमालामधील एका प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयात १९६३ साली असेच झाले होते: खेड्यापाड्यांत मंडळी प्रत्यक्ष चालविणारी प्रौढ माणसे शेत आणि संसार टाकून वसतिगृहात येऊ शकत नव्हती, तेव्हा शिक्षकच आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊ लागले, अभ्यास घरी आणि चर्चा भेटीत अशी वाटणी झाली, आणि तीच पद्धत १९७१ साली बंगळूरला स्थापन झालेल्या ‘टाफ्टी’ या संस्थेने आपल्या देशात रुजविली. आमच्याकडे शेत नाही. पण पाळी आहे, हजेरीपट आहे, ओव्हरटाइम आहे. शनिवारी रात्री आठ ते साडेनऊ, अंधेरी पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवरची एक खोली, असा आमचा बेत ठरला. बोरिवलीकर धीम्या गाडीने येत. घाटकोपर-मुलुंडकरांना मात्र एक तर दादरला उतरून पूल ओलांडावा लागे, नाही तर ३४० क्रमांकाच्या बसमध्ये साकीनाक्याच्या कोंडीत पौलाची पत्रे वाचीत बसावे लागे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि बारा स्थानकांच्या त्या मार्गाने आमच्या वर्गावर जे उपकार केले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने केलेले नाहीत.

या वर्गात मी उपदेश सर्वांत शेवटी शिकवितो, आधी गृहभेट. एका शनिवारी दुपारी एका तरुण विद्यार्थ्याला घेऊन मी घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या टेकडीवर गेलो होतो. मुलगा हुशार, आवाज भारदस्त, शास्त्रवचने मुखोद्गत. पायऱ्या चढून वर गेल्यावर दहा बाय बाराची खोली; दारात चपला काढून आम्ही आत शिरलो तेव्हा मावशी लसूण सोलीत बसल्या होत्या. “या, बसा,” असे त्या अगदी हळू म्हणाल्या, लसणाचे सूप पायाने बाजूला सारले आणि हात पदराला पुसला. भिंतीला लागून लोखंडी खाट, आणि खाटेवर पांघरुणाचे एक गाठोडे. ते गाठोडे म्हणजे विमानतळावर रात्रपाळी करणारे त्यांचे यजमान आहेत, हे कोपऱ्यात खुंटीला टांगलेल्या गणवेशावरून, पंखा त्यांच्याकडे वळविलेला होता त्यावरून, आणि मावशींच्या त्या हळू बोलण्यावरून कोणाच्याही ध्यानात यावे. माझ्या विद्यार्थ्याने पवित्र शास्त्र उघडले, उभा राहिला, आणि तीनशे माणसांच्या सभेला शोभेल अशा स्वरात प्रार्थनेला आरंभ केला. गाठोडे हलले. “किती वाजले?” असा घाबरा प्रश्न आतून आला. “झोपा, वेळ आहे अजून,” मावशी म्हणाल्या. पण तोवर ते उठून बसले होते, पाळकांपुढे उघडे बसू नये म्हणून चाचपडत सदरा अंगात घालीत होते, आणि मग हात जोडून, डोळे मिटून, एका बाजूला कलत कलत त्यांनी ती दीर्घ प्रार्थना शेवटपर्यंत सोसली.

पायऱ्या उतरताना मुलगा प्रसन्न होता. “सर, तेसुद्धा उठून बसले!” मी खाली सडकेवर येईपर्यंत काही बोललो नाही, आणि तेथेही एवढेच विचारले, की त्या घरात किती वाजले होते. “सव्वातीन,” तो म्हणाला. मग थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला तो मी पाहिला. त्या मुलाला मी पुढे काही शिकविले असे मला वाटत नाही. त्याचे तोच शिकला. पुढल्या आठवड्यात तो रात्री साडेआठला टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला, त्या गृहस्थांबरोबर बसथांब्यापर्यंत वीस मिनिटे चालला, आणि नंतर दर गुरुवारी चालत राहिला. ते त्याला काय सांगतात हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. याबद्दल मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ गुण दिले.

दुसरा विषय मृत्यूचा. पुनरुत्थानावर सुंदर बोलणारा सेवक रात्री दोन वाजता आलेल्या फोनपुढे गडबडून जातो, कारण त्या घटकेला कुटुंबाला प्रथम कागद हवे असतात. माणूस घरी गेला असेल तर मृत्यूचे कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला कोण देणार. अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत घरच्यांना कोठे बसवावे. दफनभूमीच्या कचेरीत काय काय दाखवावे लागते. पेटी कोणाकडे मिळते. नोंदणीसाठी कोणत्या विभाग कार्यालयात जायचे. मुलुंडचा टी, घाटकोपरचा एन, अंधेरीचे के-पूर्व आणि के-पश्चिम, बोरिवलीचा आर-मध्य, ही बाराखडी मी नव्या कराराच्या पुस्तकांच्या क्रमाइतकीच पाठ करून घेतो. दफनभूमीत नवी जागा दुर्मिळ. तीच माती काही वर्षांनी पुन्हा उघडते, आणि त्या वेळी जुन्या कबरीतील माणसाच्या मुलाशी कसे बोलावे, याचा पाठ कोणत्याही धर्मविद्यालयाच्या अभ्यासक्रमात माझ्या पाहण्यात आला नाही. शिवाय नगरहून निघालेले भाऊबंद पोचेपर्यंत थांबायचे की नाही, हा वाद दर वेळी होतो आणि तो सेवकानेच मिटवायचा असतो.

जागेविषयी थोडक्यात सांगतो. भाड्याचे सभागृह आदल्या रात्री नाकारले गेल्याचा अनुभव आम्हा सर्वांना आहे, मलाही आहे, आणि त्या दिवशी आम्ही बागेतल्या बाकांवर पेटीशिवाय गायलो. इमारत पुनर्विकासाला गेली की निम्मी मंडळी विरारला आणि निम्मी बदलापूरला जाते. अंधेरीच्या सीप्झच्या आवारात १५७९ सालच्या पोर्तुगीज चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या सुमारास साथ आली, वस्ती उठली आणि लोक आपली उपासना घेऊन मरोळला गेले. त्या भिंतींवर आता झाडे उगवली आहेत. मरोळची मंडळी नांदते आहे. नव्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांची भाड्याच्या सभागृहाविषयीची तक्रार जरा सौम्य होते.

भाषेची तक्रार मात्र सौम्य होत नाही. आजीला अभंग हवा, नातवाला गिटार. आजीची मराठी नातवाला कळते, बोलता येत नाही. यावर माझ्याकडे तोडगा नाही. बोरिवलीच्या एका मंडळीत दोघांना एकाच दिवशी गायला बसविले तेव्हा तालाची जी फटफजिती झाली तिला दोघेही सारखेच हसले, इतकीच नोंद करून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात एका परिचारिकेने अभ्यासक्रम पूर्ण केला. शेवटच्या शनिवारी तिने आपली वही माझ्यापुढे ठेवली. मुलुंडमधली एकवीस कुटुंबे. विहीर नाही, वाडी नाही, प्रत्येक नावापुढे रकाने मात्र वेळेचे. ‘आजी: दुपारी तीन ते चार, सून येईपर्यंत एकट्या.’ ‘हे दोघे: फक्त ७.१२ च्या गाडीत, लेडीजच्या शेजारचा डबा, ठाण्यापर्यंत.’ ‘यांच्याकडे मुलाच्या परीक्षेपर्यंत जाऊ नये.’ एका नावापुढे तर ‘बोलत नाही’ असा शेरा होता, आणि तो वाचताना माझा हात क्षणभर थांबला. शेवटच्या पानावर बाविसावे नाव होते, माझेच. पुढला रकाना कोरा.

“पाळकसाहेब,” ती म्हणाली, “तुमच्या घरी बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, त्यांनाच विचार. तुम्ही घरी कधी असता?”

मी घड्याळाकडे पाहिले. साडेनऊ होऊन गेले होते आणि बोरिवलीकर चपला घालीत होते.