निरोप अडवणारा छर्रा

करंगळीच्या पेराएवढा पितळी तुकडा. आत एक स्प्रिंग, एक पोलादी छर्रा आणि डोक्यावर पिळायचा स्क्रू. गोथेनबर्गमधल्या स्वयंपाकघरात भाच्याने तो वर्तमानपत्रावर सुटा करून मांडला होता. माझं लक्ष मात्र गेलं ते त्याच्या कडेला पाडलेल्या भोकाकडे. टाचणी जेमतेम शिरेल एवढं. हे कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मामा, ते भोक नसेल तर बाकीचं सगळं फुकट."

त्याच्याकडे जुनी व्होल्वो 240 टर्बो आहे. चौकोनी, गंभीर, निवृत्त मुख्याध्यापकाने चालवावी अशी. तिच्या टर्बोचा दाब वाढवण्यासाठी हा तुकडा, म्हणजे मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर, बसवायचा होता.

टर्बोचं काम सरळ आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या झोताने एक चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. फेरे मिनिटाला लाखाच्या वर. हवा वाढली की पेट्रोल वाढतं, पेट्रोल वाढलं की एक्झॉस्ट वाढतो आणि एक्झॉस्ट वाढला की पुन्हा हवा. ही चढाओढ आपण होऊन थांबायचं काही कारणच नाही. म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. ठरलेला दाब झाला की ती उघडते आणि थोडा एक्झॉस्ट चाकाला टाळून परस्पर निघून जातो.

पण झडपेला कळतं कसं? एका साध्या रबरी नळीतून. टर्बोकडचा दाब त्या नळीने एका पडद्यापर्यंत पोचतो, पडदा स्प्रिंगला रेटतो, दांडी सरकते, झडप उघडते. भाच्याने ती नळी मधोमध कापली आणि तिथे पितळी तुकडा बसवला. आता छर्रा वाट अडवून बसतो. दाब स्प्रिंगला नमवेल इतका वाढल्याशिवाय पुढे निरोप जात नाही. तोवर झडप आपली निवांत मिटलेली, आणि टर्बो हद्द ओलांडून पुढे.

म्हणजे या तुकड्याने इंजिनाला स्वतःची अशी काही ताकद दिलीच नाही. फक्त बातमी उशिरा पोचवली. मला हे विलक्षण आवडलं. आणि ते भोक? दाब उतरला, छर्रा पुन्हा जागेवर बसला की पडद्याजवळ जुना दाब कोंडून राहतो. तो तिथून सुटतो. नाहीतर झडप शिळ्या बातमीवर विसंबून उघडीच राहील. तुकड्यावर एक बाणही कोरलेला असतो. तो उलटा बसवला तर दाबानेच छर्रा घट्ट बसेल, निरोप कधीच जाणार नाही, आणि इंजिनाचं काय होईल ते इंजिनच सांगेल.

हल्ली हे सगळं सॉफ्टवेअर करतं. मी स्क्रूच्या बाजूचा आहे. स्क्रू पिळायला गाडी थांबवावी लागते, बॉनेट उघडावं लागतं, हात काळे होतात, आणि तेवढ्या वेळात माणसाची हाव थोडी निवते. पाव फेरा पिळायचा, नट आवळायचा, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबायचा आणि शेजारच्याने बूस्ट गेजचा काटा बघायचा. शेजारचा मी होतो. काट्यापेक्षा कान महत्त्वाचे, असं भाचा बजावत होता. दाब जास्त झाला की पेट्रोल वेळेआधीच पेटतं, इंजिन ठोकायला लागतं, आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

या ठोकण्यावर अमेरिकेत 1962 साली एक उतारा निघाला होता. ओल्ड्समोबिलच्या जेटफायर गाडीत टर्बोच्या जोडीला पाणी आणि मिथाइल अल्कोहोलचं मिश्रण इंजिनात सोडत. टाकी रिकामी झाली की दाब आपोआप उतरे. आणि मालक ती भरायलाच विसरत! दारू विषारी असली म्हणून काय झालं, इतकं विस्मरण मला पटायला जड जातं. 1963 नंतर ती गाडी निघाली नाही.

ऐंशीच्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये दाब वाढवायची खुंटी थेट ड्रायव्हरच्या हाताशी आली. पिळा आणि पळा. पण 1984 पासून शर्यतीला जास्तीत जास्त 220 लिटर इंधनाची अट आली, मधे भरायचं नाही. 1985 ला इमोलाच्या शर्यतीत याचा हिशेब झाला. पहिल्यापासून पुढे असलेला ड्रायव्हर सेना शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना कोरडा पडला. मग योहान्सनची फेरारी पुढे आली, तीही कोरडी. प्रोस्ट पहिला आला, पण त्याची गाडी वजनात दोन किलो कमी भरली आणि तो बाद झाला. बूटसेनने बंद पडलेली गाडी ढकलत रेषेपार नेली आणि तो दुसरा ठरला. विजेता एलिओ दे अँजेलिस, जो रस्त्यावर एकही फेरी पुढे नव्हता.

हा दे अँजेलिस पियानो उत्तम वाजवायचा. जानेवारी 1982 मध्ये लायसन्सच्या अटींवरून फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरांनी संप केला, तेव्हा जवळजवळ सगळे जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात कोंडून बसले, गाद्या टाकून एकाच खोलीत झोपले. लाउडा पुढारी. कोणी आत घुसू नये म्हणून पियानो दाराला लावला, आणि त्याच रात्री दे अँजेलिसने तो वाजवला. दोन दिवसांनी जोहान्सबर्गजवळच्या क्यालामीला शर्यत झाली. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच, हवा जवळपास सातव्या हिश्शाने विरळ. साधी इंजिनं धापा टाकतात आणि टर्बोला फावतं ते अशाच जागी. 1918 मध्ये अमेरिकी इंजिनिअर सॅनफर्ड मॉसने टर्बो लावलेलं विमानाचं इंजिन पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर नेलं होतं, तेही विरळ हवेसाठीच. टायर पंक्चर होऊनही प्रोस्टने टर्बो रेनोवर क्यालामी जिंकली. संपकऱ्यांना पुढे दंड झाले. मला कोणी तिकीट देऊ केलं असतं, तर शर्यतीचं परत करून मी त्या हॉटेलातल्या रात्रीचं मागितलं असतं.