उंबरठ्याच्या आत

गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी. तेवढ्यात आत्याला घेऊन चिंचवडगावातल्या चापेकर वाड्यात गेलो. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिघा भावांचं हे घर. वडील हरिपंत कीर्तनकार. वाड्याचा जीर्णोद्धार होऊन आता तिथे स्मारक आहे.

आत्या जुन्या वाड्यात वाढलेली. शिरताना तिने वाकून उंबरठ्याला हात लावला आणि मला समजावू लागली, "दिंडीतून चौकात कुणीही येईल. ओसरीवर ओळखीचा बसेल. माजघरात नात्यातलाच. आणि पारोसा असला तर देवघरात घरचासुद्धा नाही रे."

प्रत्येक उंबरठ्यावर माणूस पारखून घेणारी ही बांधणी. त्यात जातीची पारखही होतीच, ते झाकायचं कारण नाही. पण 1897चा संताप मला कळला तो आत्याच्या या चार वाक्यांतून. त्या वर्षी मार्चपासून रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरं तपासायला घेतली. आजारी माणसाला इस्पितळात, घरच्यांना छावणीत. साथीत रोगी वेगळे काढणं भागच होतं. पण बूट घातलेला सोजीर चौक, ओसरी ओलांडून थेट देवघरापर्यंत पोचला, आणि माजघरातल्या बायकांना आडोसा उरला नाही.

तिथून आम्ही गणेशखिंडीत गेलो. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत 1864 साली काम सुरू झालं, 1871 साली पुरं झालं. जेम्स ट्रबशॉचा आराखडा, दगडी कमानी, इटालियन वळणाचा उंच मनोरा. देखणी आहे, मान वर करून पाहतच राहावं अशी. इथेही अडवणूक होतीच: फाटक, पहारा, आमंत्रण. ती मात्र कुणी मोडली नव्हती.

22 जून 1897च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून इथून बग्ग्या निघाल्या. दामोदर आणि बाळकृष्ण बाहेर रस्त्यावर थांबले होते. त्यांच्या गोळ्यांनी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. पुढच्या दोन वर्षांत हरिपंतांचे तिन्ही मुलगे येरवड्यात फासावर गेले.

वाड्यात शाळेची मुलं येतात. त्यांना आधी दिंडीपासून देवघरापर्यंतची ही वाट कुणीतरी आत्यासारखी समजावून सांगावी, पिस्तुलाची गोष्ट त्यानंतर.