पावसाळ्यातली बैठक

जून लागला की गेटवे–मांडवा लाँचा बंद होतात आणि आमच्या लांबच्या सायकलफेऱ्याही. हिवाळ्यात अलिबागहून निघून चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद असं करत मुरूडपर्यंत जाणारा रस्ता सायकलवाल्यासाठी सुखाचा असतो. तोच रस्ता जुलैत पाण्याने भरलेल्या खड्ड्यांचा होतो आणि समोरून येणारी एसटी दिसते तेव्हा ती फार जवळ आलेली असते. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ज्याला हिवाळ्यात तीनशे किंवा सहाशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी, करायची आहे, त्याला हे चार महिने पाय सोडून बसणं परवडत नाही. म्हणून सायकल पडवीत येते, मागचं चाक ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच धरून ठेवणाऱ्या स्टँडवर, चढतं आणि तास-दोन तास जागच्या जागी पेडल मारणं सुरू होतं.

या सरावात पाय टिकतात, दम टिकतो. आधी हार मानते ती बैठक. रस्त्यावर ज्या सीटवर पाच तास निघाले, त्याच सीटवर घरात तासाभरात अंग अवघडतं. याचं कारण सरळ आहे. कार्ले खिंड चढताना आपण पेडलवर उभे राहतो, उतारावर पाय थांबवतो, गतिरोधक आला की बूड उचलतो. सायकलही प्रत्येक पेडलला थोडी डावीउजवीकडे कलते. एकाच जागी सलग भार असा कधी राहतच नाही. ट्रेनर मात्र मागचा आस घट्ट धरून ठेवतो. सायकल कलत नाही, उतार येत नाही आणि शरीराच्या त्याच दोन बोटं जागेवर सगळं वजन ठाण मांडून बसतं. रस्त्यावर झाकली जाणारी मापातली चूक घरात लपत नाही.

गेले कित्येक पावसाळे मी पडवीत सायकल चालवते आणि या किनारपट्टीवरच्या मैत्रिणींच्या, त्यांच्या भावा-नवऱ्यांच्या सायकलींच्या सीटही बसवून देते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: सीटची सोय मऊपणात नसते, मापात असते.

सगळ्यात आधी हाड. आपण बसतो ते कटीच्या हाडांच्या तळाशी असलेल्या दोन गोलसर टोकांवर. ती भार घेण्यासाठीच आहेत. त्यांच्या मधल्या भागात मात्र नसा आणि रक्तवाहिन्या आहेत आणि त्या भागाला दाब सोसत नाही. सीट अरुंद असेल तर टोकं बाहेर लटकतात आणि भार मध्ये येतो. फार रुंद असेल तर मांड्या घासतात. दोन टोकांमधलं अंतर बहुतेकांत शंभर ते दीडशे मिलिमीटरच्या दरम्यान असतं, पण ते उंचीवरून किंवा अंगकाठीवरून ओळखता येत नाही. मोजावंच लागतं.

मोजायला यंत्र नको. आपल्याकडे मे महिन्यानंतर हापूसच्या रिकाम्या खोक्यांना तोटा नसतो. त्यातला नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, पायाखाली पाट घेऊन गुडघे थोडे वर करायचे, पुढे वाकून नीट भार द्यायचा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजायचं आणि त्यात वीस ते तीस मिलिमीटर मिळवायचे. ताठ बसणाऱ्याने जास्त, खूप वाकून बसणाऱ्याने कमी, कारण पुढे झुकलं की कटी फिरते आणि हाडांचा अरुंद होत जाणारा पुढचा भाग सीटला टेकतो. दुकानात सीटवर १४३ किंवा १५५ असे आकडे लिहिलेले असतात, ते याच रुंदीचे मिलिमीटर. हा आकडा माहीत नसताना सीट घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

मग जेलचं जाड कव्हर? पहिली पाच मिनिटं ते छान वाटतं. पुढे हाडं त्यात रुततात, दबलेला जेल मधल्या भागात वर येतो आणि जिथे दाब नको तिथेच दाबतो. लांबच्या सरावाला योग्य रुंदीची, थोडी कडक सीटच बरी. मध्ये फट किंवा खोलगट खाच असलेली सीट अनेकांना सोसते, विशेषतः ट्रेनरवर खाली वाकून चालवणाऱ्यांना. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांवर २००८ साली प्रसिद्ध झालेला एक सरकारी अभ्यास आहे. पुढचं नाक नसलेली सीट सहा महिने वापरल्यावर त्यांच्यातल्या बधिरपणाच्या तक्रारी पुष्कळ घटल्या. अशी सीट सगळ्यांना वळणावर सोयीची पडत नाही, पण दुखण्याचं मूळ कुठे आहे ते त्यातून स्वच्छ कळतं.

चामड्याच्या सीटबद्दल मला नेहमी विचारतात. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८६६ मध्ये घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा सुरू केला आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावाची ताणलेल्या चामड्याची सीट आजही बनते. ती वापरता वापरता बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेते, म्हणून लांब पल्ल्याचे लोक तिच्यावर जीव टाकतात. पण आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. घामाने भिजलेलं चामडं या हवेत वाळत नाही, सैल पडतं आणि मग आकार धरत नाही. जिच्याकडे अशी सीट आहे तिला मी सांगते, पावसाळ्यात ती काढून कोरड्या जागी ठेव. ट्रेनरवर साधी कृत्रिम आवरणाची सीट लाव, रुंदी तीच असू दे. लावताना सीटपोस्टला आणि बोल्टना ग्रीस लाव. खारी हवा आणि खारा घाम मिळून लोखंड खातात, ॲल्युमिनियमचा पोस्ट फ्रेममध्ये धरून बसतो आणि मग उंची बदलायची वेळ आली की तो हलत नाही.

रुंदी ठरली की बसवण्याचं काम. यासाठी मी गवंड्याची दोन साधनं वापरते, पाणसळ आणि ओळंबा. बऱ्याच ट्रेनरवर मागचं चाक जमिनीपासून थोडं उचललं जातं. पुढच्या चाकाखाली तेवढाच ठोकळा दिला नाही तर अख्खी सायकल पुढे झुकते, माणूस नकळत घसरतो आणि हातांवर जोर देऊन स्वतःला मागे ढकलत राहतो. त्यात मनगटं दुखतात, मान दुखते आणि दोष मात्र सीटला लागतो. म्हणून आधी दोन्ही चाकांचे आस जमिनीपासून सारख्या उंचीवर आणायचे, मग सीटवर पाणसळ ठेवायची. सुरुवात सपाट ठेवून करायची. नंतर गरज लागली तर नाक अगदी किंचित खाली घ्यायचं.

उंचीसाठी अनवाणी उभं राहून जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर टेकवायचं आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. हा आकडा सुरुवातीचा, शेवटचा नव्हे. पेडल खाली असताना गुडघा पंचवीस ते पस्तीस अंश वाकलेला असावा. मागून कुणाला तरी बघायला सांगावं. कंबर डावीउजवीकडे डुलत असेल तर सीट उंच आहे आणि एका बाजूची कातडी सोलवटणार. सीट फार खाली असेल तर पाय भार घेत नाहीत आणि सगळं वजन बुडावर येतं. पुढेमागे ठरवायला पेडल आडवं धरून गुडघ्याच्या पुढच्या टोकावरून ओळंबा सोडायचा. तो पेडलच्या आसाच्या आसपास पडला की सुरुवातीला पुरे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जुन्या जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवायची.

इतकं करूनही ट्रेनर ताठ तो ताठच. आमच्या गावातल्या सुतारकाकांना मी म्हटलं, "काका, सायकल हलली पाहिजे, पण पडता कामा नये." त्यांनी थोडा वेळ ट्रेनरकडे बघितलं आणि म्हणाले, "मग दोन फळ्यांच्या मध्ये चेंडू घालू या, ताई." मरीन प्लायच्या दोन फळ्या, मध्ये बिजागरीचा आस आणि दोन्ही बाजूंना टेनिसचे चेंडू. त्यावर ट्रेनर ठेवला की सायकल प्रत्येक पेडलला थोडी कलते आणि भार सरकत राहतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभं राहावं, तहान लागण्याआधी पाणी पितात तसं, दुखण्याची वाट न बघता.

घामाचा विचार वेगळा करावा लागतो. शरीर खर्च करतं त्या ऊर्जेचा सुमारे पाव भागच पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. पडवीत वारा नसतो आणि हवेत आधीच भरपूर ओल. म्हणून मोठा पंखा ही चैन नाही. पॅडवाली शॉर्ट आतल्या कपड्यांशिवाय घालावी, उतरल्याबरोबर धुवावी, दोन-तीन जोड ठेवावेत आणि पंख्याखाली पूर्ण वाळवावेत. आपल्याकडे जांघेतला नायटा पावसाळ्यात किती चिवट होतो हे कोकणात वेगळं सांगायला नको.

ट्रेनरवर किती बसता येतं याचं टोकाचं उदाहरण सांगते. २०२० साली करोनामुळे अमेरिकेतली रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल-शर्यत रद्द झाली आणि ती घरोघरी ट्रेनरवर भरवली गेली. लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू त्या शर्यतीत तिसरे आले. सुमारे चार हजार किलोमीटर, जवळजवळ बारा दिवस, एकाच जागी. इतकी सहनशक्ती क्वचित कुणाकडे असते. पण नीट बसलेली सीट नसेल तर सहनशक्ती कितीही असली तरी तिथवर पोचत नाही, हे मी खात्रीने सांगते.

बायकांना एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. तुमच्या सायकलवरची सीट बहुधा तुमचं माप न घेता लावलेली असते आणि दुखतंय म्हटलं की "सवय होईल" असं उत्तर मिळतं. नव्या सीटला थोडे दिवस द्यावे लागतात, हाडांवर हलकं दुखणं आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. बधिरपणा, मुंग्या किंवा सोलवटलेली कातडी मात्र सवयीने जात नाही. ती लक्षणं दिसली की त्याच क्षणी उतरा, दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा आणि माप पुन्हा घ्या. पुढची सीट विकत घेण्याआधी एक पुठ्ठा, एक पाणसळ आणि एक सुट्टीची दुपार खर्च करा. बहुतेकींना नवी सीट लागतच नाही.