तळ्याच्या वाटा



बरकतीचा विषय निघाला की आपले बोलणे पैशापाशी येऊन थांबते. मजुरी किती, पगार किती, उचल किती. वेळेला खरा सल्ला देणारी माणसे आपल्याजवळ किती, हे मात्र कोणी मोजत नाही.

दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने तथागतांना विचारले होते, आम्हा लेकराबाळांच्या माणसांचे भले कशात आहे? तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या. मेहनत, मिळवलेल्याची राखण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकत पाहून खर्च. मग तळ्याचा दाखला दिला. तळ्यात पाणी येण्याच्या चार वाटा असतात, निघून जाण्याच्याही चार. व्यभिचार, दारू, जुगार आणि वाईट संगत या जाण्याच्या वाटा. अंगुत्तर निकायात हे सुत्त आहे.

आपल्या जालन्याला तळ्याची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीच्या द्राक्षबागांनी तग धरला. १९९६ पासून त्या गावाने खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने पाणलोटाचे काम केले, पुढे शेततळी केली. एकट्याच्या बांधाने पाणलोट होत नाही. वरच्या शेतकऱ्याने खालच्याचा विचार करावा लागतो.

पण ज्यांना शेतच नाही, त्यांनी काय अडवावे? आमच्या घरची गोष्ट सांगते.

माझे धाकटे दीर आणि जाऊबाई ऊसतोडीला जात. एका वर्षी मुकादम मोठी उचल द्यायला तयार झाला. पुतणी नववीत होती. तिलाही फडावर न्यायचे घरात ठरले होते. जाऊबाईंनी ही गोष्ट बचत गटाच्या बैठकीत काढली. गटात एक आजी होत्या. त्यांची उभी हयात कोयत्यावर गेलेली. शाळा पाहिलेली नाही, पण त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. किती टन ऊस तोडल्यावर उचल फिटते, आजारपणाचे खाडे किती कापले जातात, उरलेली बाकी पुढच्या वर्षी पुन्हा कशी कारखान्यावर नेते. दुसरीने गटाचे कर्ज सुचवले. तिसरी म्हणाली, "पोरगी माझ्या घरी राहू द्या. माझ्या दोघींत तिसरी."

दीर-जाऊ त्या साली गेलेच. गरिबी एका बैठकीत हटत नाही. पण उचल निम्मीच घेतली, बाकी फिटली, आणि पोरगी मागे राहून पुढल्या साली दहावी पास झाली. गटाचे कर्ज लहानच होते. त्या घराला सावरले ते आजींच्या हिशेबाने आणि शेजारणीच्या ताटातल्या भाकरीने.

मेहनतीत आपली माणसे कधीच कमी पडली नाहीत. कमी पडते ते एकमेकांना विचारणे. घरची अडचण चारचौघांत सांगायची लाज वाटते आणि मुकादमाला, सावकाराला ती आधीच ठाऊक असते!

म्हणून भगिनींनो, गटाचे पैसे गोळा झाले की लगेच उठू नका. घटकाभर बसा. कोणाच्या घरी काय अडले आहे, ते विचारा. ज्या बाईने ते दुःख भोगले आहे, तिला आधी बोलू द्या.